दोष एका ग्रंथीवर, शिक्षा दुसरीला

मागच्या पावसाळ्यात एकदा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. तिचं तीन महिन्यांचं बाळ चार दिवस खोकत होतं, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला होता. न्यूमोनिया नाही, असं रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलेलं. तरी तिने फिल्मचा फोटो मला पाठवला आणि विचारलं, "मावशी, हृदयाच्या वर हे एवढं पांढरं काय दिसतंय गं? गाठ तर नाही ना?"

फोटो मोठा करून पाहिला. छातीच्या मधोमध, हृदयाच्या माथ्यावर रुंद पांढरी सावली होती. तिची एका बाजूची कड कोपरा काढून बाहेर आली होती, मचव्याचं शीड वाऱ्याने फुगावं तशी. रेडिओलॉजीच्या पुस्तकांतही या खुणेला शिडाचंच नाव आहे.

"अगं, ती थायमस आहे. सगळ्या तान्ह्या बाळांना असते."

"मग रिपोर्टमध्ये का नाही लिहिलं?"

"जे असायलाच हवं ते कोण कशाला लिहील?"

तिचं समाधान झालं. मी मात्र बराच वेळ तो फोटो बघत बसले. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात ही फिल्म पाहिली गेली असती, तर त्या सावलीला 'वाढलेली थायमस' म्हटलं असतं. हे बाळ झोपेत अचानक दगावू शकतं, असं आईला सांगितलं असतं. मग बाळाला यंत्राखाली निजवून त्याच्या छातीवर क्ष-किरणांचा मारा केला असता. पंधरा-वीस वर्षांनी त्याच मुलाच्या गळ्यात, थायरॉइडमध्ये, खरोखरची गाठ आली असती तर तिचा संबंध पाळण्यातल्या त्या दिवसाशी कुणीही जोडला नसता.

हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी या दोन शेजाऱ्यांची ओळख हवी.

थायरॉइडला मराठी परिभाषेत अवटू ग्रंथी म्हणतात. ती कंठाच्या खाली, श्वासनळीला पुढून बिलगून बसलेली असते. नवजात बाळात तिचं वजन जेमतेम एक-दीड ग्रॅम, म्हणजे तीन-चार हरभऱ्यांएवढं. एवढ्याशा गोळ्यातून निघणारा हार्मोन बाळाच्या मेंदूची वाढ, हृदयाची गती आणि अंगातली ऊब सांभाळतो.

थायमस तिच्या खालच्या मजल्यावर राहते, छातीच्या मधल्या हाडामागे. तिची वरची दोन टोकं मानेत शिरून थायरॉइडच्या जवळपास पोचतात. जन्मत: ती दहा-पंधरा ग्रॅमची, म्हणजे थायरॉइडच्या दसपट असते. पहिल्या वर्षात बाळाच्या देहाच्या मानाने ती भलतीच मोठी दिसते आणि वयात आल्यावर हळूहळू आटून तिच्या जागी चरबी उरते. म्हणूनच परिभाषाकारांनी तिला 'यौवनलोपी ग्रंथी' असं नाव दिलं. नाव जरा जड आहे, पण तिचं सगळं चरित्र त्यात आलंय. ज्यांनी तिला मारेकरी ठरवलं त्यांनी एवढंच लक्षात ठेवलं असतं तरी खूप झालं असतं.

ती करते काय, हे १९६१ पर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या वर्षी लंडनमध्ये झाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली, तेव्हा त्या पिल्लांची रोगांशी लढण्याची ताकदच कोसळलेली दिसली. रक्ततपासणीच्या कागदावर ज्या टी-पेशी असतात त्यांतला 'टी' थायमसचाच. कोवळ्या टी-पेशींची ती तालीम आहे, आणि बाळपणी तालमीत गर्दी असणारच.

आता मागे जाऊ, १६१४ सालच्या बाझेलला. स्वित्झर्लंडमधल्या या शहरात फेलिक्स प्लाटर नावाचे नामांकित वैद्य होते. पाच महिन्यांचं एक बाळ गुदमरून अचानक गेलं. त्याच घरात आधीची मुलंही अशीच दगावली होती, म्हणून वडिलांनी शव उघडून पाहायला सांगितलं. प्लाटर यांना गळ्याच्या तळाशी एक फुगलेली, मऊ, रक्ताने भरलेली ग्रंथी सापडली. त्यांनी निदान केलं ते 'आत लपलेल्या गलगंडाने श्वास कोंडला' असं. हा शब्द त्यांना का सुचला असेल ते कळतं. आल्प्सच्या त्या पट्ट्यात मातीत आयोडीन कमी, त्यामुळे सुजलेल्या थायरॉइडची लोंबती मान गल्लोगल्ली दिसायची. तेव्हा गळ्यातली मोठी ग्रंथी दिसली की गलगंडच आठवणार. पण प्लाटर यांच्या वर्णनावरून ती बहुधा थायमस होती. म्हणजे या गोष्टीच्या पहिल्याच पानावर दोघी शेजारणींची गल्लत झाली, आणि पुढची साडेतीनशे वर्षं ती कुठल्या ना कुठल्या रूपात होतच राहिली.

प्लाटर यांची कल्पना दोन शतकं जवळपास पडूनच होती. १८३० साली जर्मनीत कोप यांनी तिला 'थायमसचा दमा' असं नाव देऊन वर काढलं. थायमस वाढते, श्वासनळी दाबते, बाळ गुदमरतं, असा त्यांचा हिशोब. ऐकायला पटण्याजोगा. पण लंडनचे जॉन सायमन यांनी १८४५ मध्येच लिहून ठेवलं होतं की थायमसचा आकार बाळाच्या पोषणावर अवलंबून असतो, उपासमार झाली की ती आटते. १८५८ साली फ्रँकफुर्टच्या फ्रीडलेबेन यांनी तर थायमसचा दमा नावाचा रोगच नाही, असं ठणकावलं. प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं.

मिटलं नाही. १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी नवी मांडणी केली. श्वासनळी दाबली जात नसेल, पण मोठी थायमस हे एका विशिष्ट कमकुवत प्रकृतीचं लक्षण आहे आणि असा देह किरकोळ धक्क्यानेही मरतो, असं त्यांचं म्हणणं. या प्रकृतीला लांबलचक लॅटिन नाव मिळालं, 'स्टेटस थायमिको-लिम्फॅटिकस'. वैद्यकात एखाद्या अज्ञानाला लॅटिन नाव मिळालं की त्याचा रुबाब वाढतो, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव. क्लोरोफॉर्म देताना रुग्ण गेला? स्टेटस. लस टोचल्यावर मूल गेलं? स्टेटस. भूल देणाऱ्याचा हात जड झाला होता का, हा प्रश्न मग कुणी विचारत नसे. १८९६ मध्ये बर्लिनमधल्या एका पॅथॉलॉजी प्राध्यापकाचा लहान मुलगा घटसर्पावरचं प्रतिविष टोचल्यावर काही मिनिटांत गेला, आणि त्या शवविच्छेदनानंतरही हेच कारण पुढे आलं.

खरी मेख मात्र या सगळ्याच्या मुळाशी होती.

बाळाची थायमस 'मोठी' आहे हे ठरवायचं तर 'नेहमीची' केवढी असते ते माहीत हवं. ते मोजलं जात होतं विच्छेदनाच्या टेबलावर. पण टेबलावर कोण यायचं? इंग्लंडमध्ये १८३२ च्या कायद्याने अनाथालयांतले, गरिबांच्या आश्रमांतले बेवारस देह वैद्यकीय शाळांना मिळू लागले होते. ही मुलं महिनोन् महिने अर्धपोटी, क्षयाने, जुलाबाने झिजून मेलेली. दीर्घ आजारात शरीरात कॉर्टिसोल हा ताणाचा हार्मोन वाढतो आणि थायमस लोण्यासारखी वितळते. त्यामुळे शरीररचनेच्या पुस्तकांत 'नॉर्मल' म्हणून जी थायमस छापली गेली ती भुकेल्या मुलांची होती.

आणि मग एखाद्या दिवशी खात्यापित्या घरचं, गुटगुटीत, काल रात्रीपर्यंत हसणारं बाळ सकाळी पाळण्यात निपचित सापडायचं. त्याचं शव उघडलं की थायमस पुस्तकातल्या चित्राच्या तिप्पट. डॉक्टरांच्या जागी तुम्ही-मी असतो तरी बोट तिच्याकडेच दाखवलं असतं. मृत्यू इतक्या झटक्यात आला होता की थायमसला आटायला सवडच मिळाली नव्हती, म्हणून ती मोठी. कारण आणि परिणाम नेमके उलटे वाचले गेले.

मी एमबीबीएसला होते तेव्हा आमच्याही टेबलावर बेवारस देहच असायचे. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई शरीररचना कायद्याने ती सोय झालेली आहे. त्या देहांच्या बरगड्या मोजता यायच्या. त्यांच्याकडे बघून शिकलेलं 'नॉर्मल' नेमकं कुणाचं, हा प्रश्न तेव्हा आमच्या बॅचमध्ये एकानेही विचारला नाही. मीही नाही.

विसावं शतक उजाडलं ते क्ष-किरणं घेऊन. १९०७ साली सिनसिनाटीच्या फ्रीडलँडर यांनी 'वाढलेली' थायमस क्ष-किरणांनी लहान करून दाखवली. थायमसच्या पेशी किरणांपुढे फार हळव्या, त्यामुळे दोन-चार मात्रांत सावली खरोखर आकसायची. आधीची आणि नंतरची फिल्म शेजारी लावली की उपचार लागू पडल्याचा पुरावा भिंतीवर टांगलेला. बाळही घरी जाऊन धडधाकट वाढायचं, कारण त्याला मुळात काही झालेलंच नव्हतं. ज्या उपचाराचं यश शंभर टक्के दिसतं त्याच्या मागे बहुतेक वेळा आजारच नसतो.

पुढच्या चाळीसेक वर्षांत अमेरिकेत हजारो तान्ह्या बाळांच्या छातीवर किरणं सोडली गेली. काही ठिकाणी तर नवजात बाळांची सरसकट फिल्म काढून, सावली रुंद दिसली की खबरदारी म्हणूनच. दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहा. टेबल केवढं आणि बाळ केवढं! किरणांची चौकट छातीवर धरली तरी तीन महिन्यांच्या बाळाची मान असते किती? हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटांचंही अंतर नाही. नेम खालच्या मजल्यावर धरलेला, पण वरच्या मजल्यावरची थायरॉइड त्याच चौकटीत किंवा तिच्या काठावर यायची.

या काळात इंग्लंडमध्ये मात्र शंका घेणारे लोक होते. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संस्थेने १९२६ मध्ये एक समिती नेमली. अपघाताने किंवा अचानक मेलेल्या, पण आधी ठणठणीत असलेल्या माणसांच्या थायमसची वजनं गोळा करणं हे तिचं काम. शहाणपण सगळं त्या एका अटीत होतं: झिजून मेलेले नकोत. मधल्या काळात, १९२७ साली, मेजर ग्रीनवुड आणि हिल्डा वुड्स यांनी एक लेख लिहून ही सगळी कल्पना म्हणजे वैद्यकातली दंतकथा कशी फोफावते याचा नमुना असल्याचं मांडलं. (मेजर हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे. ते संख्याशास्त्रज्ञ होते.) १९३१ मध्ये यंग आणि टर्नबुल यांनी समितीच्या आकड्यांचा निष्कर्ष छापला: अशी प्रकृती अस्तित्वात असल्याचा कोणताही पुरावा नाही. निरोगी बाळाची थायमस मोठीच असते.

इथेच गोष्ट संपली असती तर फार बरं झालं असतं. पण न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये बाळांना थायमससाठी किरणं देणं १९५७ पर्यंत चालू होतं. रोगच नाही हे छापून आल्यावर तब्बल सव्वीस वर्षं! याला मी अज्ञान म्हणणार नाही. कागद समोर होता.

१९५० साली न्यूयॉर्कमधल्या डफी आणि फिट्झगेराल्ड यांनी थायरॉइडचा कॅन्सर झालेल्या २८ मुलांची आणि किशोरांची माहिती प्रसिद्ध केली. मुलांमध्ये हा कॅन्सर तेव्हा अगदी विरळा. जुने कागद चाळताना त्यांना दिसलं की यांतल्या जवळपास एकतृतीयांश मुलांना तान्हेपणी थायमससाठी किरणं दिली गेली होती. त्यांनी फक्त नोंद केली, ठाम दावा केला नाही. पुरावा उभा केला तो रॉचेस्टरच्या हेम्पेलमन आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी. त्यांनी तिथे किरणं मिळालेल्या सुमारे २,६५० मुलांचा माग काढला आणि तुलनेला घेतली त्यांचीच सख्खी भावंडं, ज्यांना किरणं मिळाली नव्हती. तेच घर, तेच अन्न, तेच आईबाप, फरक फक्त त्या यंत्राचा. १९९३ मध्ये छापलेल्या आकड्यांनुसार किरणं मिळालेल्यांत थायरॉइड कॅन्सरचे ३७ रुग्ण निघाले आणि संख्येने जवळजवळ दुप्पट असलेल्या भावंडांत ५. पन्नास वर्षं उलटल्यावरही त्यांचा धोका भावंडांच्या पातळीवर उतरला नव्हता. त्या मुलींमध्ये पुढे स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाणही वाढलेलं आढळलं.

बाळाचीच थायरॉइड एवढी हळवी का? तिच्या पेशी भराभर विभागत असतात. पेशी विभागताना डीएनएची नक्कल निघते, आणि किरणाने तुटलेला धागा नीट सांधायच्या आतच नक्कल निघाली तर चूक पुढच्या प्रत्येक पेशीत उतरते. मोठ्या माणसाची थायरॉइड त्या मानाने सुस्त असते, म्हणून तिच्यात हा धोका फार कमी दिसतो. १९८६ च्या चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतर युक्रेन, बेलारूसमध्ये दुधातून किरणोत्सर्गी आयोडीन गेलं ते सगळ्यांच्याच पोटात, पण थायरॉइडच्या कॅन्सरची लाट उठली ती लहानपणी ते दूध प्यायलेल्यांत.

एवढं होऊन मूळचा प्रश्न होता तिथेच राहिला. धडधाकट बाळं झोपेत मरतात कशाने?

१९६९ मध्ये सिॲटलच्या परिषदेत या मृत्यूंना 'सडन इन्फंट डेथ सिंड्रोम', थोडक्यात सिड्स, असं अधिकृत नाव मिळालं. बाळाचा मृत्यू अचानक, आणि पूर्ण तपास करूनही कारण सापडत नाही, अशी ही व्याख्या. पुढे त्यात बाळ एक वर्षाच्या आतलं असण्याची, मृत्यूची जागा पाहण्याची आणि बाळाचा पूर्वेतिहास तपासण्याची अट आली. सर्वांत जास्त मृत्यू दोन ते चार महिन्यांच्या वयात होतात. 'कारण सापडत नाही' हीच व्याख्या म्हटल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक अवयवाची झडती सुरू झाली, आणि थायरॉइडची पाळी आली ती आता संशयित म्हणून.

१९८१ मध्ये अमेरिकेत मेरिलँडच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं की सिड्सने गेलेल्या बाळांच्या रक्तात टी-थ्री हा थायरॉइड हार्मोन बराच वाढलेला दिसतो. मोठी खळबळ उडाली, कारण ते जुळतही होतं. टी-थ्री वाढलं की हृदय धावतं, अंग तापतं, आणि सिड्सची बाळं कित्येकदा घामाने भिजलेली सापडायची. शिवाय जन्मल्यावर रक्ताच्या एका थेंबाची चाचणी करून धोका आधीच ओळखता येईल, अशी आशा. पण इतरांनी पडताळायला घेतलं तेव्हा वेगळंच निघालं. इतर कारणांनी मेलेल्यांच्या रक्तातही मृत्यूनंतर टी-थ्री चढतो. माणूस गेल्यावर पेशींच्या भिंती विरघळू लागतात आणि आतला साठा बाहेर झिरपतो. जिवंतपणी त्या बाळांचा टी-थ्री वाढलेला होता, याला आधार मिळाला नाही.

पेशींच्या पातळीवरचा घोळही याच जातीचा आहे, आणि तो मी स्वत: पाहिलेला आहे. थायरॉइडची स्लाइड फार देखणी असते. पेशींची एकेक गोल रांग, मध्ये गुलाबी जेलीसारखा कोलॉइड, ज्यात हार्मोन साठवलेला असतो. पूजेच्या ताटात पंचामृताच्या वाट्या मांडाव्यात तशी. तान्ह्या बाळाच्या स्लाइडमध्ये मात्र कित्येकदा वाट्या चेपलेल्या, कोलॉइड नाहीसा झालेला आणि कडेच्या पेशी सुटून मध्ये पडलेल्या दिसतात, पावसाळ्यात भिंतीचे पोपडे सुटावेत तशा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या बाळाच्या थायरॉइडवर काहीतरी मोठं संकट आलं असणार. मी उत्साहाने सरांना बोलावलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकात डोकावलंही नाही. एवढंच विचारलं, "बॉडी शीतगृहात किती वाजता गेली?" मे महिना होता आणि मध्ये अकरा तास गेले होते.

अर्थात सगळाच दोष उष्म्याचा नसतो. बाळ आईच्या पोटातल्या उबेतून बाहेरच्या गारव्यात येतं त्या क्षणी मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून टीएसएच या हार्मोनचा लोंढा सुटतो. तो अर्ध्या तासात शिगेला पोचतो आणि पहिल्या दिवसाअखेर बराच ओसरतो. हा हार्मोन थायरॉइडला 'साठा बाहेर काढ' असं सांगतो, म्हणून जन्मानंतरच्या दिवसांत कोलॉइड कमी दिसणं स्वाभाविकच. म्हणजे एका चित्राची तीन कारणं: जन्माची धावपळ, आजाराचा ताण किंवा मृत्यूनंतरची विरघळण. यातलं कुठलं हे एकट्या स्लाइडवरून सांगणारा पॅथॉलॉजिस्ट मला भेटलेला नाही. भेटला तर मी त्याच्यापासून चार हात लांब राहीन.

गंमत म्हणजे सिड्सच्या तपासात थायमस आज साक्षीदार म्हणून कामी येते. बाळ दोन-तीन दिवस आजारी असेल तर थायमसच्या पेशी मरू लागतात आणि त्यांना गिळणाऱ्या फिकट पेशी गडद पार्श्वभूमीवर ताऱ्यांसारख्या दिसतात. सिड्समध्ये बहुधा हे तारे नसतात. थायमस भरलेली, ताजीतवानी, आणि तिच्यावर मोहरीएवढे लाल रक्ताचे ठिपके. ठिपके का येतात यावर वाद आहेत. पण थायमस भरलेली आहे याचा अर्थ मृत्यूने आधी वर्दी दिली नव्हती.

सिड्सवरचा सर्वांत मोठा शोध शेवटी ग्रंथीत सापडलाच नाही. बाळ कसं निजवलं होतं, एवढ्या साध्या प्रश्नात तो निघाला. युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून बाळाला पालथं निजवायची टूम निघाली होती. उलटी घशात जाणार नाही, असा तर्क. न्यूझीलंडमध्ये १९८७ ते १९९० या काळात झालेल्या मोठ्या अभ्यासात पालथं निजवणं, आईचं धूम्रपान आणि अंगावरचं दूध न मिळणं हे धोके ठळक झाले. १९९१ मध्ये तिथे आणि ब्रिटनमध्ये, १९९४ मध्ये अमेरिकेत 'बाळाला पाठीवर निजवा' अशा मोहिमा निघाल्या आणि मृत्यू निम्म्याहून खाली आले. औषध नाही, यंत्र नाही, बाळाला नुसतं पालथ्याचं उताणं करायचं. २००५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून दाखवलं की हा सल्ला १९७० मध्येच देता आला असता, आणि दिला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांवर बाळं वाचली असती.

पालथ्या बाळाचं नेमकं काय होतं? नाकातोंडाशी स्वत:च सोडलेली हवा साचते आणि तीच पुन्हा आत जाते, अंग तापतं, झोप जास्त गाढ लागते. बहुतेक बाळं अशा वेळी कुरकुरून मान वळवतात. काहींच्या मेंदूच्या तळाशी जाग आणणारी यंत्रणा कच्ची असते. बोस्टनच्या हॅना किनी यांच्या गटाला अशा बाळांच्या मेंदूत सिरोटोनिनच्या, म्हणजे पेशींचे निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाच्या, जाळ्यात बिघाड दिसला. १९९४ मध्ये त्यांनी फिलियानो यांच्यासोबत मांडलेला विचार असा: बाळ मुळात नाजूक, वय धोक्याचं आणि वरून बाहेरचा ताण, असे तिन्ही योग एकत्र आले तरच घात होतो. पहिले दोन आपल्या हातात नाहीत, तिसरा आहे.

माझी आई बाळाला उताणंच निजवायची, ते बरोबरच होतं. पण डोकं गोल व्हावं म्हणून ती मोहरीची उशीही द्यायची, आणि ती मात्र नको. पहिलं वर्षभर उशी, लोड, मऊ दुलई यांतलं काहीही बाळाच्या तोंडाजवळ नसावं. घरात सिगारेट-विडी नको. आणि धुरी? माझ्या मते तीही नको, बाळाच्या फुप्फुसांना कुठलाही धूर वाईटच.

थायमस आणि थायरॉइडची गल्लत अजून पुरती संपलेली नाही, हेही सांगून टाकते. गर्भात थायमस मानेतून खाली छातीत उतरते. उतरताना तिचा एखादा तुकडा कधीकधी वाटेत थायरॉइडमध्येच अडकून राहतो. मुलाची सोनोग्राफी कुठल्या तरी दुसऱ्याच कारणाने होते, थायरॉइडमध्ये काळसर डाग आणि त्यात पांढरे ठिपके दिसतात, आणि पोटात गोळा येतो, कारण थायरॉइडचा कॅन्सरही सोनोग्राफीत असाच दिसू शकतो. अनुभवी रेडिओलॉजिस्ट अशा वेळी प्रोब खाली सरकवून छातीतली थायमस पाहतो. पोत तंतोतंत सारखा असेल तर सहसा नुसतं लक्ष ठेवायचं ठरतं, सुरी चालवायची गरज पडत नाही. अशा निष्पाप तुकड्यापायी मुलांची अर्धी थायरॉइड काढली गेल्याचीही उदाहरणं आहेत.

भाचीने दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. रात्रभर गुगल केलेलं दिसत होतं. "मावशी, थायमसचं राहू दे, पण मग थायरॉइडचं काय? तिची काही तपासणी करायची का?"

"जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेतलं होतं ना?"

घेतलं होतं, पण कशासाठी ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाळांच्या थायरॉइडबाबत खरी काळजी करायची ती इथे. काही बाळांत ती जन्मत:च कमी काम करते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत हे प्रमाण साधारण ११३० बाळांत एक असं निघालं, पाश्चात्त्य देशांच्या मानाने बरंच जास्त. बाळ दिसायला छान असतं, जरा जास्त झोपतं, शांत आहे म्हणून कौतुक होतं, आणि तिकडे मेंदूची वाढ मागे पडत जाते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच हार्मोनची, गोळी सुरू करून ती चुरून आईच्या दुधाच्या दोन थेंबांत रोज दिली की मूल इतरांसारखंच वाढतं. टीएसएचचा तो लोंढा ओसरू द्यायचा म्हणून रक्त ४८ तासांनंतर घेतात. गोव्याने २००८ मध्येच सरकारी रुग्णालयांत अशी तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्रात अजूनही ती बाळ कुठल्या दवाखान्यात जन्मलं यावर अवलंबून असते.

तिने फाइल शोधून त्या कागदाचा फोटो पाठवला. टीएसएच व्यवस्थित होतं.

"हा कागद जपून ठेव," मी म्हटलं. "एक्स-रेचा फोटो मोबाइलमधून उडवलास तरी चालेल."